दुसऱ्याचे जनावर : कोंडवाड्यापासून बोर्डिंगपर्यंत

आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारले, "सर, कांट संपला का?" कांट संपत नाही. उलट कांटच्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत कुत्रा आहेच. ज्याने इमानाने चाकरी केली त्या कुत्र्याला म्हातारपणी शेवटपर्यंत सांभाळावे, असे तो सांगतो. कारण मात्र मजेशीर देतो. कुत्र्याचे आपण थेट काही देणे लागत नाही. पण जनावराशी निर्दयपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून. आम्ही चाळीस वर्षे कांट शिकवला, पण इथे तो आम्हांला कधी पटला नाही.

विषय तुमच्या-आमच्या मालाडचाच आहे. गणपतीला गावी जायचे, घरात कुत्रा आहे, त्याला ठेवायचे कुठे? रेल्वेने न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे मिळायला हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात घालायचा. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांना माणसाला उभे राहायला जागा नसते, तिथे कूपे कसला मिळतोय! मग शोध सुरू होतो. कुणी लिंक रोडच्या पलीकडे फ्लॅटमध्ये कुत्री सांभाळते, कुणी मढ-मार्व्याकडे बंगल्यात, कुणाचे वसई-विरारला शेत आहे. फोटो छान असतात. हिरवळ असते, पाण्याचा हौद असतो. रोजचा दर ठरतो, आगाऊ रक्कम जाते आणि आपण गाडीत बसतो.

आमच्या वसाहतीतले एक कुटुंब असेच नऊ दिवसांसाठी गेले. कुत्रा एका ठिकाणी ठेवला. ठिकाणाचे नाव आम्ही घेणार नाही. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की सहाव्या दिवशी त्याला ताप आला, आठव्या दिवशी तो गेला, तुमच्या सणात विघ्न नको म्हणून कळवले नाही, मागच्या जागेत पुरला. कोणत्या डॉक्टरांना दाखवले? नाव आठवत नाही. कागद? कागद नाही. पुरला कुठे? आता तिथे काम चालू आहे. पैसे परत द्यायला तो माणूस तयार होता, बरं का. पण त्या घरातल्या मुलीला पैसे नको होते. काय झाले ते तिला कळायला हवे होते. ते आजही कळलेले नाही.

तिचा प्रश्न फार जुना आहे. आपल्या धर्मशास्त्रात भांडणांचे जे अठरा विषय मोजले, ज्यांना व्यवहारपदे म्हणतात, त्यांत एक आहे स्वामिपालविवाद. स्वामी म्हणजे जनावराचा मालक, पाल म्हणजे सांभाळणारा, आणि त्या दोघांतले भांडण. अठरा विषयांत कर्ज आहे, ठेव आहे, मारामारी आहे, वारसा आहे. आणि त्यांच्या पंगतीला हेही आहे. म्हणजे ही भांडणे किती होत असतील बघा.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे नियम आहेत. ज्या कारणांसाठी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला ती कारणे आम्हांला पूर्ण मान्य आहेत. पण व्यवहाराच्या इतिहासाचा कागद म्हणून तो वाचावा लागतो. नियम असे आहेत: दिवसा जनावराची जबाबदारी गुराख्याची, रात्री ते मालकाच्या घरी असेल तर मालकाची. हरवले, खड्ड्यात पडले, आणि गुराख्याने प्रयत्न केला नसेल, तर भरपाई त्याने द्यायची. चोरांनी उघडपणे लुटून नेले तर त्याचा दोष नाही, पण एका अटीवर: त्याने योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी मालकाला जाऊन सांगितले पाहिजे. आणि जनावर मेले तर कान, कातडे, शेपूट असे काहीतरी आणून मालकाला दाखवायचे, खूण पटवायची.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही गोध्यक्षाच्या प्रकरणात हेच आहे आणि ते अधिक काटेकोर आहे. गाय किंवा म्हैस मेली तर डाग दिलेले कातडे, शेळी-मेंढी मेली तर खुणेचा कान आणायचा, घोडा, गाढव, उंट यांचे शेपूट आणि डागाचे कातडे. त्याच प्रकरणात आणखी एक सोय सांगितली आहे. शत्रूच्या किंवा रानटी टोळ्यांच्या भीतीने लोक आपली गुरे राजाच्या कळपात आणून सोडत आणि सांभाळण्याबद्दल दहावा हिस्सा देत. पैसे, म्हणजे इथे हिस्सा, घेऊन दुसऱ्याचे जनावर ठरावीक काळ सांभाळायचे. आमच्या मते बोर्डिंगचा हा आपल्याकडचा सर्वांत जुना लेखी दाखला म्हणता येईल. (मनूच्या नियमांत कुत्रा येतो तो गुराच्या मृत्यूचे एक कारण म्हणून. सांभाळायचे जनावर म्हणून त्याची नोंद नाही. असो.)

आता हे कान आणि कातडे ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागचा विचार बघा. जनावर बोलत नाही. सांभाळणाऱ्याकडे ते जसे राहिले त्याची साक्ष द्यायला ते स्वतः असमर्थ आहे. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर मालकाला प्रत्यक्ष ज्ञान नाही, कारण तो तिथे नव्हता. जनावराचा शब्द नाही. उरतो सांभाळणाऱ्याचा शब्द. आणि शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या सुरेख केली आहे: ज्याने वस्तू स्वतः पाहिली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. तेव्हा बोर्डिंगवाल्यालाही लागू आहे. अडचण एवढीच, की त्याची जशीच्या तशी सांगण्याची इच्छा नेमकी जेव्हा हवी असते तेव्हाच ती कमी असते. म्हणून कान आणा, कातडे आणा. शब्दावर भागवू नका.

खेड्यात हा प्रश्न इतका तीव्र नसे. राखोळीला गुरे देण्याची पद्धत आपल्यापैकी काहींनी लहानपणी पाहिली असेल. सकाळी गुरे गेली, तिन्हीसांजेला परत आली. मालकीण गोठ्याच्या दाराशी उभी. एखादी गाय लंगडत आली की गुराख्याला तिथल्या तिथे जाब. अर्धलीने शेळी दिली तरी ती त्याच गावात, येताजाता दिसणार. रोज संध्याकाळी प्रत्यक्ष प्रमाण घरी चालत येई! शहरात मालक पाचशे किलोमीटर लांब आणि जनावर बंद दारामागे. तिथून खरा पेच सुरू होतो.

शहराने आणि सरकारने जनावर ठेवण्याच्या ज्या जागा काढल्या त्यांत पहिली कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमण कायद्याने, म्हणजे कॅटल ट्रेसपास ॲक्टने, कोंडवाड्यांना पक्की चौकट दिली. मालाड तेव्हा मुंबईत नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या साष्टीतले ते गाव. मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले ते १९५७ साली. कोंडवाडा ही शिक्षेची जागा. कुणाच्या पिकात गुरे शिरली की धरून तिथे घालायची, मालकाने दंड आणि खुराकाचा खर्च भरून सोडवायची. पण हा कायदा वाचताना आम्हांला एका गोष्टीचे कौतुक वाटले. कोंडवाडा सांभाळणाऱ्याने वहीत लिहायचे: जनावरे किती, वर्णन काय, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी आली, आणणारा कोण, मालक ठाऊक असल्यास कोण. आणणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल द्यायची. जनावराला चारापाणी द्यायचे. म्हणजे कान-कातड्याच्या जागी आता वही आली.

त्या कायद्यात 'गुरे' या शब्दात हत्ती आणि उंट येतात, घोडे, खेचरे, गाढवे येतात, डुकरे, मेंढ्या, शेळ्या येतात. कुत्रा येत नाही. हत्तीला कोंडवाड्यात जागा आहे, कुत्र्याला नाही! कारण उघड आहे. कुत्र्याला विकून किंमत येत नव्हती.

मालाड पश्चिमेला एव्हरशाईन नगरकडे महापालिकेचा कोंडवाडा आहे हे तुम्हांला माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू झाली. अतिशय चांगली सोय आहे; त्याआधी गेलेल्या कुत्र्याचे करायचे काय, हा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला रडकुंडीला आणत असे. पण गंमत बघा, मेलेल्या कुत्र्याची व्यवस्था पालिका बघते. जिवंत कुत्रा आठ दिवस ठेवायचा तर तो मालकाचा खासगी प्रश्न.

मुंबईत कुत्र्याला छप्पर मिळण्याची कथा याहून आधीची आहे आणि ती दंगलीतून निघाली. कंपनी सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले होते. इनाम डोक्यामागे असले की काय होते हे सांगायला तत्त्वज्ञ नको. शिपाई दारातली, अंगणातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेतात अशी ओरड झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा सगदीद हा विधी त्यांच्या अंत्यसंस्कारात आहे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्टमध्ये लोक कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी जैन, हिंदू आणि काही मुसलमानही त्यांच्यात सामील झाले, दुकाने बंद राहिली, छावणीकडे जाणारे खाण्यापिण्याचे सामान अडवले गेले. शेवटी लष्कर आले, धरपकड झाली. मुंबईतली पहिली मोठी दंगल म्हणून इतिहासकार हिच्याकडे बोट दाखवतात. ती कुत्र्यांवरून झाली.

पुढे सरकारला मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर हलवण्याची सोय पाहावी लागली, आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने व जैन व्यापाऱ्यांच्या साथीने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने धर्मादाय लागा बसवून घेतला, त्यावर ती चाले. उपनगरातल्या मंडळींना पांजरापोळ म्हटले की चेंबूरचा सिग्नल आठवतो. ती तिचीच शाखा. आज तिथे मुख्यतः गायी दिसतात, पण मुंबईची पांजरापोळ निघाली ती कुत्र्यांच्या निमित्ताने, हे विसरायला नको.

पांजरापोळीचा हेतू थोर होता. मात्र आपल्या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही. पांजरापोळीत सोडलेले जनावर परत न्यायचे नसते. तिथे मालक आपली मालकी सोडतो, पुण्य घेतो आणि निघून जातो. जाब विचारायला कुणी उरतच नाही. कोंडवाड्यात मालक आहे पण तो गुन्हेगार. पांजरापोळीत सांभाळणारा आहे पण मालक नाही. 'मी येतो परत, तोवर बघा' असे म्हणणारा माणूस या दोन्हींत बसत नाही. लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी होलोवेला कुत्र्यांचे घर काढले, तेच पुढे १८७१ मध्ये बॅटरसीला गेले. त्याच्या मूळ नावात 'तात्पुरते' हा शब्द होता. हरवलेल्या कुत्र्याला कुणीतरी शोधत येईल अशी आशा त्या शब्दात आहे. आमच्या पाहण्यात पांजरापोळ आणि बोर्डिंग यांच्या मधला दुवा तो.

आपल्याकडे १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली, आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. १८८६ मध्ये त्याला लागून पशुवैद्यकीय महाविद्यालय आले. इथून जनावराच्या आजाराला नाव मिळाले, केसपेपर मिळाला. मुके जनावर स्वतःची तक्रार सांगत नाही, पण डॉक्टर ताप मोजून लिहू शकतो. साक्षीचा हा तिसरा प्रकार.

आता कायदा. आज तुम्ही कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवता तेव्हा कायद्याच्या नजरेत काय घडते? १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तुम्ही 'माल' ठेवायला देता. कलम १५१ म्हणते, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी ठेवणाऱ्याने घ्यावी. त्याच प्रकरणात कलम १६३ चे उदाहरण आहे: एकाने दुसऱ्याकडे गाय ठेवली, तिला वासरू झाले, तर परत देताना वासरूही द्यायचे. आम्हांला हे कलम फार आवडते. इंग्रजी कायद्याच्या रुक्ष पानात मध्येच एक वासरू उभे! पण कुत्र्याचा 'माल' म्हणून विचार केला की भरपाई निघते ती मालाच्या किमतीची. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, सात वर्षे घरात झोपलेल्या कुत्र्याची बाजारात किंमत किती? शून्य. त्या मुलीला पैसे नको होते ते यामुळेही असेल.

१९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ आहे. जनावराला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, फार आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, सदैव बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे, पुरेसे खाणेपिणे न देणे हे सगळे त्यात गुन्हे आहेत. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० चे पन्नास, आजही पन्नास. मालाड स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि चहा झाला की संपले. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम २०१७ मध्ये आले, प्राण्यांच्या दुकानांचे २०१८ मध्ये. पैसे घेऊन दुसऱ्याचा कुत्रा ठेवणाऱ्यासाठी स्वतंत्र नियमावली ती नव्हे. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९६३ सालीच स्वतंत्र कायदा झाला. परवाना स्थानिक संस्थेचा, तपासणी तिची. आणि प्रत्येक जनावर कधी आले, कधी गेले, मालक कोण, पत्ता काय याची वही ठेवणे सक्तीचे. पुन्हा वहीच.

म्हणून निवड कशी करायची असे कुणी विचारले तर आम्ही हिरवळीबद्दल बोलत नाही. आम्ही विचारतो, तिथे साक्ष कोणती मिळेल?

पहिली परीक्षा अनुमानाची आहे आणि फुकट आहे. तो माणूस तुमच्याकडे लसीकरणाचे पुस्तक मागतो का? रेबीज, डिस्टेंपर, पार्वो, आणि आपल्या पावसाळ्यात लेप्टो. शक्य तर केनेल कफ. न मागता "आणा, आणा" म्हणाला, तर त्याने बाकीच्या वीस कुत्र्यांचेही मागितलेले नाही, हे धुरावरून अग्नी ओळखण्याइतके स्वच्छ आहे. अडवणारा, प्रश्न विचारणारा, आपल्या कुत्र्याला काही कारणाने नाही म्हणणारा माणूस तुम्हांला उद्धट वाटेल. तोच बरा.

दुसरी प्रत्यक्षाची. जागा आधी जाऊन पाहावी, आणि दिलेल्या वेळेला जाऊन आल्यावर एकदा न दिलेल्या वेळेलाही. बैठकीच्या खोलीत काही कळत नाही. जिथे कुत्री झोपतात तिथे उभे राहा, वास घ्या, फरशी ओली आहे का बघा, पाण्याची भांडी बघा, कोपऱ्यांत गोचीड बघा. रात्री तिथे माणूस झोपतो का, हे विचारा. आजारी पडलेल्याला वेगळे ठेवायला जागा आहे का, हेही. फ्लॅटमध्ये सांभाळणारे वाईट आणि शेतावरचे चांगले असे काही नसते, बरं का. शेतावर तुम्ही पोचायला अडीच तास लागतात. ऑर्लेमच्या फ्लॅटमध्ये तुमचा भाऊ संध्याकाळी चालत जाऊन डोकावू शकतो. ती गावची तिन्हीसांज परत मिळवण्याची सोय आहे. दिवाळीत मात्र फ्लॅट अवघड. फटाक्यांना घाबरून दार उघडे दिसले की कुत्रा पळतो. आणि गणपतीच्या आधी, जुलैत वगैरे, एक रात्र ठेवून पाहावी. परत आल्यावर कुत्रा खातो कसा, झोपतो किती, त्या माणसाचे नाव काढल्यावर शेपूट कुठे जाते, हे पाहावे. त्याला शब्द नाही हे खरे, पण त्याचे शरीर काही लपवत नाही. देकार्तने जनावराला यंत्र म्हटले होते. त्याला एकदा वर्षभर कुत्रा सांभाळायला द्यायला हवा होता.

तिसरी गोष्ट कागद, आणि ती मागायला आपल्याला संकोच वाटतो. घरगुती, ओळखीचा मामला असतो. "ताई, तुमच्यावर विश्वास आहे" म्हणून आपण कुत्रा ठेवतो आणि निघतो. विश्वास असावा, कागदही असावा. त्यावर कुत्र्याचे वर्णन, फोटो, येताना वजन किती आणि जाताना किती. कोणत्या पशुवैद्याकडे नेणार त्याचे नाव आधीच. आजार दिसला तर किती तासांत कळवणार. मनूचा गुराखी चोरीनंतर वेळेवर सांगायला यायचा, सण आहे म्हणून थांबत नसे. आणि कुत्रा दगावला तर मालक येईपर्यंत किंवा मालकाने लेखी परवानगी देईपर्यंत देह हलवायचा, पुरायचा, जाळायचा नाही. मालकाने सांगितल्यास शवविच्छेदन करायचे. हे वाक्य लिहिताना हात थबकतो. पण जो सांभाळणारा हे वाक्य शांतपणे वाचून खाली सही करतो त्याच्याकडे कुत्रा ठेवायला आम्हांला भीती वाटणार नाही.

आमच्या एका वकील मित्राने असा एका पानाचा मसुदा मराठीत करून दिला आहे. प्रती बाहेर टेबलावर आहेत, पैसे नाहीत. वजनाची जागा दोनदा ठेवली आहे, ती कृपा करून रिकामी सोडू नका. आता प्रश्न घेऊ या.